पिवळा कॅनडा

पिवळी शाई आणायला पेठेत जायचं नाही, असं आकारामनं त्या रविवारी दुपारी ठरवलं आणि तिथंच त्याचे ग्रह फिरले. शाई काही विलायतेहून यायची नव्हती. सांगलीतल्या पेठेत स्टेशनरीचं दुकान होतं, सायकलवर टांग टाकली की पान खाऊन होईस्तवर माणूस तिथं पोचावा. (आकाराम पान खात नसे. चुन्यानं जीभ भाजेल अशी त्याला भीती वाटे. पुढं त्या चुन्यानं त्याला भाजलंच, पण ते जिभेला नव्हे.) अडचण अशी की पेठेच्या तोंडाशीच एका अडत्याचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या गादीवर कालपासून त्याचे सासरे येऊन बसले होते.

सासरे म्हणजे सुभेदार हरिबा, फौजेतून रिटायर, मुक्काम सातारा जिल्हा, कोरेगावच्या बाजूचं गाव. रानातली हळद विकायला दर साली सांगलीला यायचे आणि भाव मनासारखा निघेपर्यंत अडत्याच्या गादीवरून हलायचे नाहीत. मिशा अशा की लिंबू ठेवावं. सासऱ्याला जावयानं भ्यावं यात काही नवल नाही, जगरहाटीच आहे ती. पण आकारामच्या भिण्याला कारण होतं, आणि ते कारण त्यानं स्वतःच्या मानेनं पैदा केलं होतं.

त्याचं असं झालं. आकाराम कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यात कारकून होता, पण हंगामी. उसाचं गळीत चालू तोवर पगार, बॉयलर थंड झाला की आकारामही थंड. दिवाळीला सासुरवाडीला गेला असता भर पंगतीत सुभेदारांनी विचारलं, "काय जावईबापू, कायम झालासा का न्हाई अजून?" आकारामच्या तोंडात अख्खी करंजी होती. बोलायची सोय नव्हती, म्हणून त्यानं मान हलवली. आडवी हलवायची ती भीतीनं उभी हलली. सुभेदारांनी संध्याकाळी सगळ्या आळीला पेढे वाटले. आकारामची बायको शालूबाई तर आनंदानं रडलीच, आणि रडणाऱ्या बायकोला खरं सांगायला जी छाती लागते ती आकारामजवळ नव्हती. तेव्हापासून सुभेदारांचं एकच पालुपद होतं, "ती कायमची ऑर्डर एकदा दावा की, डोळं भरून बगू द्या." आणि आकाराम सुभेदारांची सावली दिसली तरी सायकल गल्लीत घालायचा.

म्हणून पेठ नको. पण पिवळी शाई का हवी, ते सांगायला पाहिजे.

कारखान्याचे चेअरमन हंबीरराव. त्यांना सगळे भीत, आकाराम तर त्यांच्या जीपच्या धुरळ्यालाही भीत असे. त्या वर्षी देशात कागदाचा असा दुष्काळ पडला होता की वह्यांवरची पोरं परत पाटीवर आली होती. अशात चेअरमन दिल्लीला गेले आणि येताना डोक्यात एक कल्पना घेऊन आले. रस काढून झाल्यावर उसाचं जे चिपाड उरतं ते आपण बॉयलरात घालून जाळतो. त्याचा पुठ्ठा करायचा, कागद करायचा आणि परदेशी धाडायचा. सभासदांना हे पटवायला त्यांनी दिल्लीहून आकडेही आणले होते. कुठल्या देशानं कोणत्या साली किती रुपयांचा कागद आणि पुठ्ठा परदेशी विकला, सगळं एकसष्टपासून सालवार. त्यातले दोन देश त्यांनी निवडले, कॅनडा आणि फिनलंड.

"कॅनडा म्हंजे पाटाच्या पाण्याचा जुना बागाईतदार," चेअरमन आकारामला म्हणाले, "पयल्यापास्नं गबर. आनि फिनलंड म्हंजे एवढंसं गाव, पर साल दरसाल वर चढतंय. फिनलंड म्हंजे आपुन. कळलं?"

"व्हय सायेब," आकाराम म्हणाला. त्याला फक्त 'कळलं' एवढं कळलं होतं.

"ह्याचा सभेसाठी मोठा तक्ता काढायचा. दोन रेघा. एक लाल. दुसरी कसली?"

"निळी काढतो सायेब."

"निळा आपल्या इरोधातल्या भाऊसोच्या पॅनेलचा रंग हाय. त्येचा परचार करतोस व्हय?"

"काळी?"

"नव्या कामाला काळं लाव. म्हंजे पयल्या दिवशीच दिवाळं."

"हिरवी, सायेब?"

"हिरव्या रंगावर मी एकदा इलेक्शनला पडलोय," चेअरमन म्हणाले. "पिवळी काढ. पिवळा कॅनडा आनि लाल फिनलंड. मी तसंच पाठ करतो."

मग त्यांनी साताऱ्याहून जीपमधून आणलेला कागदाचा एक मोठा पांढराशुभ्र ताव आकारामच्या हातात दिला. असा ताव दुसरा मिळणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. "तक्ता झ्याक झाला तर सभा झाल्यावर तुझ्या कायमचं बगतो. आनि बिघडला तर..." एवढं बोलून ते खिडकीतून कारखान्याच्या धुराड्याकडं बघत राहिले. पुढचं वाक्य आकारामनं मनातल्या मनात स्वतःच पुरं केलं.

तर रविवारी दुपारी तो ताव घरात जमिनीवर अंथरून आकाराम त्याच्यावर पालथा पडला होता. लाल शाई कारखान्यातनं आणली होती, ती फिनलंडला पुरली. कॅनडा राहिला. सुभेदार पेठेच्या तोंडाशी. शालूबाई शेजारी हळदी-कुंकवाला गेलेली. आणि समोर फळीवर डबा, त्यात माहेरची हळद. सुभेदारांच्याच रानातली, घरी दळलेली, नुसतं झाकण उघडलं तरी खोली पिवळी व्हावी अशी.

भित्र्या माणसाला अक्कल नसते असं नाही, ती नको तिथं चालते एवढंच. आकारामनं वाटीत चार चमचे हळद घेतली, थोडा डिंक घातला, पाणी घातलं, बोरूनं ढवळलं आणि कॅनडाची रेघ ओढली. कडेला कोपऱ्यात दोन चौकोन काढले, लाल चौकोनापुढं लिहिलं फिनलंड, पिवळ्यापुढं कॅनडा. रेघांवर नावं घातली नाहीत, ताव खराब दिसेल म्हणून. काम झाल्यावर उभं राहून पाहिलं तर कॅनडा असा झळझळत होता की आकारामला स्वतःचाच अभिमान वाटला. तो त्याला क्वचित वाटे, त्यामुळं पटकन ओळखूही आला नाही. आधी त्याला वाटलं पित्त झालं.

शालूबाई आली, तिनं डबा पाहिला. "आवं, हळद एवढी कशी गेली?"

"दूध प्यालो. घसा धरलाय."

"चार चमचं?"

"लय धरलाय," आकाराम म्हणाला आणि पुरावा म्हणून खोकला. मग ती रोज सकाळ-संध्याकाळ त्याला हळदीचं दूध देऊ लागली आणि तो ते मुकाट्यानं पीत राहिला.

सभेच्या आदल्या दिवशी चेअरमननी तक्ता पाहिला. खूश झाले. "कॅनडाचा रंग लय नामी आलाय. कुठली रं शाई?"

आता 'घरची' म्हणून मोकळं व्हायचं की नाही? पण धुराड्याकडं बघणारे चेअरमन आकारामच्या डोळ्यांपुढं आले. "विलायती हाय सायेब," तो म्हणाला. आणि घरी जाऊन रात्रभर तळमळला.

सभा सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या एका हॉलात होती. आकाराम सकाळी तक्ता घेऊन पोचला तर हॉलाला नुकताच चुना दिलेला. रंगारी शिडी उचलून निघाले होते, भिंती ओल्या, गार, पांढऱ्याफेक. मागून चेअरमन आले. "नव्या भिंतीला खिळा मारायचा न्हाई," त्यांनी हुकूम सोडला, "खळीनं चिकटव. आनि सभेत जर तक्ता खाली पडला, तर तूबी पडलास."

शालूबाईनं कणकेची खळ डबाभर करून दिली होती. दुसऱ्या कुणी चार बोटं लावली असती. आकारामला डोळ्यांपुढं सारखा तक्ता सुटून चेअरमनच्या डोक्यावर आलेला दिसत होता. त्यानं सगळी खळ लावली. ताव पार भिजला, चिंब भिजला, भिंतीला असा बसला की आता तो काढायचा तर भिंत काढावी लागली असती. आकारामनं सुटकेचा निःश्वास टाकला. त्या दिवशीचा तो शेवटचा.

कारण मागं वळून बघतो तर पहिल्या रांगेत सुभेदार. कडक इस्त्रीचा कोट, छातीवर बिल्ले, हातात काठी.

"मामा, तुमी हितं?"

"शालू म्हनली, जावयाचा तक्ता लागनार हाय. म्हनलं, सांगलीत हायच तर बगून जावं." सुभेदारांनी मिशीवरून बोट फिरवलं. "तुमचं सायेब भेटतीलच. त्यास्नी म्हनतो, आमच्या जावयाला कायम केलंसा, लय उपकार झालं."

आकाराम घाईनं पुढं झाला. "नगा मामा. सायेबास्नी त्यो विषय आवडत न्हाई."

"का बरं?"

"लाजत्यात," आकाराम म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

हॉल भरला. पागोटी, टोप्या, मागं खांबाला टेकून भाऊसो आणि त्याचं निळं पॅनेल, एका बाजूला चार-पाच सभासद बायका आणि त्यांच्या पुढं म्हाताऱ्या चंद्राबाई, नवऱ्याच्या मागं शेअर नावावर झालेल्या. चेअरमन उठले, हातात वेताची छडी घेतली आणि बोलू लागले. चिपाड, बॉयलर, पोरांच्या हातातल्या पाट्या. आकाराम तक्त्याशेजारी उभा होता. त्यानं सहज वर पाहिलं.

कॅनडाच्या रेघेच्या एका टोकाला, जिथं खळ सगळ्यात जाड होती तिथं, एक तांबूस डाग पडला होता.

आधी त्याला वाटलं डोळ्यापुढं अंधारी आली. तो डोळे चोळून परत बघतो तर डाग बोटभर पुढं सरकलेला. आणि मग त्याला उमगलं. ओला चुना, ओली खळ आणि मध्ये हळद. सांगलीतलं शेंबडं पोरही सांगेल की हळदीला चुना लागला की काय होतं. चुन्यात कालवूनच तर तिचं कुंकू करतात. एवढं सगळं ठाऊक असलेल्या मुलखात जन्मून, त्या हळदीचं दूध आठवडाभर पिऊन, आकारामला ते आत्ता आठवलं. त्याच्या पाठीवरून घाम निघाला तो थेट टाचेत उतरला.

तो हळूच तक्त्याच्या पुढं सरकला.

"आकाराम, बाजूला हो," चेअरमन म्हणाले. "तू काय काचंचा हाईस? मागचं दिसंना."

आकाराम बाजूला झाला. रेघ एकसष्ट सालापासून लाल होत निघाली होती, साल दरसाल, अगदी चेअरमन म्हणाले होते तशी. त्यानं टोपी काढून वारा घालायला सुरुवात केली, वाळलं तर थांबेल म्हणून. पहिल्या रांगेत सुभेदारांना वाटलं जावई साहेबांना वारा घालतोय. त्यांनी समाधानानं मान डोलावली.

"आता ही पिवळी रेघ बगा," चेअरमन म्हणाले. त्यांची पाठ भिंतीकडं होती, छडी अंदाजानं वर. "ह्यो कॅनडा. साधी शाई न्हाई बरं का, विलायती शाई हाय. आनि ही लाल रेघ, ह्यो फिनलंड."

मागं कुणीतरी खाकरलं. मग खांबाजवळून भाऊसोचा आवाज आला. "चेअरमनसायेब, पिवळी कंची?"

"वरची."

"वरची लाल हाय."

"मग खालची."

"खालचीबी लालच हाय. आमाला दोन लाल दिसत्यात. तुमचं कॅनडा गेलं कुठं?"

चेअरमन वळले. तक्त्याकडं पाहिलं, कोपऱ्यातल्या चौकोनांकडं पाहिलं. दोन्ही चौकोन लाल. त्यांनी देश पाठ केले होते ते रंगावरून. वरचा कोण, खालचा कोण, हे त्यांनी डोक्यात घेतलंच नव्हतं. "आकाराम," ते अगदी हळू म्हणाले. त्यांचा हळू आवाज आकारामनं त्याआधी कधी ऐकला नव्हता, आणि ओरडले असते तर बरं, असं त्याला वाटलं. "कॅनडा कुठला?"

आकारामला माहीत होतं. त्यानंच काढला होता. पण त्यानं समोर पाहिलं. सुभेदार बघत होते, भाऊसो हसत होता, दाराबाहेर उन्हात जीप उभी होती. "वरचा," तो म्हणाला. मग चेअरमनच्या भुवया बघून म्हणाला, "खालचा." मग म्हणाला, "मधला." मधे काहीच नव्हतं.

हॉलात हशा पिकला. आणि तेवढ्यात सुभेदार उठले. परेडला चालावं तसे भिंतीपर्यंत गेले, तक्त्याला नाक लावून वास घेतला, बोटानं रेघ पुसून बोट जिभेवर ठेवलं.

"कसली विलायती शाई?" सुभेदार म्हणाले. "ही माझ्या रानातली हळद हाय."

आकारामनं डोळे मिटून घेतले. संपलं. नोकरी गेली, अब्रू गेली, आता शालूबाईला घेऊन कुठं जायचं, एवढाच विचार त्याच्या डोक्यात घुमत होता. चेअरमनची छडी टेबलावर टेकलेली त्याला ऐकू आली. भाऊसो पुढं सरसावला. "मंडळी, बगा, म्हंजे तक्ता खोटा, शाई खोटी, आनि पुठ्ठाबी..."

"गप रं भाऊसो," बायकांच्या बाजूनं आवाज आला. चंद्राबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पदर सावरला, तक्त्याला हात जोडले. "आवं, भितीवर हळदीचं कुंकू झालं. काय कुनी हात लावला व्हता? नव्या कामाला ह्यापरीस कंचा शकुन पायजेल?"

मग मागच्या रांगेतल्या दोन टोप्या उतरल्या. मग चार. चेअरमन हंबीरराव तीन इलेक्शनं उगीच जिंकले नव्हते. त्यांनी छडी ठेवली, तक्त्याकडं तोंड केलं आणि हात जोडले. "चंद्राक्का, माझ्या मनातलं बोललासा," ते म्हणाले. "दोन देशांचं आजवर वायलं वायलं चाललं हुतं. ते आज एक झालं. कॅनडा काय आनि फिनलंड काय, दोगांलाबी कुंकू लागलं. आता तिसरं आपलं. आता ह्या कुंकवाच्या इरोधात ज्याला हात वर करायचा त्यानं करावा."

कुंकवाच्या विरोधात कोण हात वर करणार? भाऊसोच्या पॅनेलचेच दोघे तक्त्याच्या पाया पडत होते. पुठ्ठ्याचा ठराव टाळ्यांत पास झाला. आकारामनं एक डोळा उघडला. मग दुसरा. तो जिवंत होता, आणि हळूहळू त्याच्या अंगात थोडी धुगधुगी आली. वाचलो, असं त्याला वाटलं, आणि खरंच वाटलं.

पण टाळ्या थांबेनात म्हणून चेअरमन परत उठले. चेहरा हसरा, हात आकारामच्या खांद्यावर. "आनि एक गोष्ट सांगायची ऱ्हायली," ते म्हणाले.

चेअरमन काय सांगणार हे आकारामला कळलं. आयुष्यात त्याला हवी असलेली एकमेव गोष्ट चेअरमनच्या ओठांवर होती, आणि पहिल्या रांगेत सुभेदार बसले होते. आकारामनं मान हलवली. या वेळी आडवी, अगदी जोरात. हातानं नको नको केलं. चेअरमनच्या कोटाची बाही धरली.

"बगा," चेअरमन म्हणाले, "किती विनय हाय. पर मी सांगनार. ह्या पोराचं काम बगून मी जाहीर करतो, हंगामी कारकून आकाराम आजपास्नं कायम."

पुन्हा टाळ्या. चंद्राबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. सुभेदारांनी मात्र टाळी वाजवली नाही. त्यांनी काठी जमिनीवर टेकली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि अख्ख्या हॉलाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आजपास्नं?"

घरी जाताना सुभेदार पुढं आणि आकाराम मागं. दारात शालूबाई आरती घेऊन उभी होती, निरोप तिच्यापर्यंत आधीच पोचला होता. वडिलांचा चेहरा पाहून तिनं आरती खाली ठेवली, नवऱ्याचा चेहरा पाहून हळदीचा डबा फळीवरून उतरवून पेटीत घातला आणि पेटीला कुलूप लावलं. सुभेदारांनी कोट काढून खुंटीला अडकवला. मग अडत्याच्या दुकानात माणूस पाठवून वळकटी आणि ट्रंक मागवून घेतली.

"मामा, हळदीचा भाव निघाला न्हाई का अजून?" आकारामनं घाबरत विचारलं.

"त्यो कवाच निघाला. फौजेत तोंडी हुकूम चालत न्हाई जावईबापू," सुभेदार ट्रंकेवर बसत म्हणाले. "लेखी ऑर्डर हातात पडंस्तवर मी हितंच हाय."

ऑर्डर आली ती पुढच्या गळिताला. तोवर आकारामच्या घरात एकच माणूस कायम होता, आणि तो आकाराम नव्हता.